ग्रीसचा इतिहास मराठीत लिहिणाऱ्यांना: बिओशियाचीही बाजू ऐका

मराठीतून जगाचा इतिहास लिहिणारे लेखक, अनुवादक, संपादक आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

प्राचीन ग्रीसवर मराठीत जे लिहिले जाते त्याची वाट ठरून गेली आहे. आधी ट्रॉयचे युद्ध, मग अथेन्सची लोकशाही, स्पार्टाची शिस्त, सॉक्रेटिस-प्लेटो-ॲरिस्टॉटल आणि शेवटी अलेक्झांडर. या वाटेवर अथेन्सच्या वायव्येला लागून असलेला एक प्रदेश पावलोपावली पायाखाली येतो, पण त्याचे नाव क्वचितच कोणी घेतो. तो प्रदेश म्हणजे बिओशिया आणि त्याचे मुख्य नगर म्हणजे थीब्ज. इजिप्तमध्येही याच नावाचे मोठे नगर होते आणि स्फिंक्स दोन्हीकडे भेटतो, त्यामुळे ईडिपसची कथा नाईलच्या काठी घडली असे समजणारे चांगले वाचणारे लोकही मला भेटले आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

उल्लेख कमी आहेत ही माझी अर्धी तक्रार. उरलेली अर्धी जास्त गंभीर आहे. बिओशियाबद्दल ज्या थोड्या ओळी येतात त्या मुळात तिच्या शेजाऱ्यांनी आणि वैऱ्यांनी लिहिलेल्या आहेत, आणि त्या कोणी लिहिल्या हे न सांगता आपण त्या तशाच मराठीत आणतो. भावकीच्या वादात एकाच घराची साक्ष घेऊन निकाल द्यावा, तसे हे चालले आहे.

अथेन्सहून उत्तरेला निघाले की किथेरॉन आणि पार्निस हे डोंगर ओलांडावे लागतात आणि पलीकडे रुंद, सुपीक मैदान उघडते. पश्चिमेला हेलिकॉन, त्याच्याही मागे पार्नासस. एका अंगाला युबीआ बेटाची सामुद्रधुनी, दुसऱ्या अंगाला कॉरिंथचे आखात. उत्तरेकडून दक्षिण ग्रीसवर चालून येणाऱ्या फौजेला या मैदानातून यावेच लागे. म्हणून एपामिनोंडास या थीब्जच्याच सेनानीने आपल्या मुलखाला युद्धदेवाचे नाचायचे अंगण म्हटले, असे याच मुलखातल्या प्लूटार्क या लेखकाने नोंदवून ठेवले आहे. प्लाटिआ, टॅनाग्रा, कोरोनिया, डेलियम, ल्यूक्ट्रा, कैरोनिया ही सगळी रणे याच अंगणातली. आपल्या पुस्तकांत त्यांची नावे येतात, पण ती कुठे आहेत आणि तिथे कोण राहत होते, याचा पत्ता लागत नाही.

पुराणकथांच्या बाबतीत तर ही उपेक्षा मला समजतच नाही. ग्रीक पुराणातून थीब्ज वजा केले तर काय उरते? फिनिशियाचा राजपुत्र कॅडमस आपल्या हरवलेल्या बहिणीला, युरोपाला, शोधत ग्रीसमध्ये आला. डेल्फीच्या देववाणीने त्याला सांगितले की शोध सोड, वाटेत भेटणाऱ्या गाईच्या मागे जा आणि ती जिथे बसेल तिथे नगर वसव. तिथे झऱ्यावर राखण करणाऱ्या नागाला त्याने मारले, त्याचे दात जमिनीत पेरले, आणि नांगरलेल्या मातीतून शस्त्रे घेतलेली माणसे उगवली. ती आपापसांत लढून मेली. जे पाच उरले त्यांच्यापासून थीब्जची जुनी घराणी निघाली. कॅडमसच्या आणि हार्मोनियाच्या लग्नाला देव स्वतः जेवायला आले होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियन लोकांनी ग्रीकांना अक्षरे शिकवली. कॅडमस कथेतला असला तरी ग्रीक लिपी फिनिशियन लिपीवरून आली हे आजचे अभ्यासकही मानतात. आपल्या लिपीचे श्रेय ग्रीकांनी समुद्रापलीकडून आलेल्या एका परक्याला आणि त्याने वसवलेल्या थीब्जला दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढचा सगळा पसारा त्याच घरातला आहे. कॅडमसची मुलगी सेमेली ही डायोनायससची आई. दुसरी मुलगी अगावी हिने उन्मादात आपल्याच मुलाचे, राजा पेन्थिअसचे, किथेरॉनवर तुकडे केले. तिसरीचा मुलगा ॲक्टिऑन याला त्याच्याच शिकारी कुत्र्यांनी फाडले. नंतरच्या पिढ्यांत राजा लेअस, राणी जोकास्टा, नकळत बापाला मारणारा त्यांचा मुलगा ईडिपस आणि त्याची मुलगी अँटिगनी. आंधळा द्रष्टा टायरेसिअस इथलाच. मुलांच्या मरणाने दगड झालेली नायोबी इथली राणी. नगराच्या सात दरवाजांची तटबंदी बांधताना ॲम्फिऑनच्या वीणेच्या सुरांनी दगड आपोआप जागेवर बसले, असे सांगत. आणि ग्रीसचा सर्वांत लाडका वीर हेराक्लिस थीब्जमध्ये जन्मला.

मग या कथा आपल्यापर्यंत इतक्या काळ्या रंगात का आल्या? ईस्किलस, सॉफोक्लिस आणि युरिपिडीस यांनी लिहिलेली नाटके अथेन्सच्या उत्सवात, अथेन्सच्या प्रेक्षकांपुढे झाली. आईने मुलाला मारणे, मुलाने बापाला मारणे, भावांनी एकमेकांचा जीव घेणे हे त्या रंगमंचावर पुन्हा पुन्हा थीब्जमध्ये घडते. ईडिपसला शांत मरण मिळते ते मात्र अथेन्सच्या भूमीवर, तिथल्या राजा थीसिअसच्या आश्रयाला. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत बिओशियाच्या फौजेने अथेन्सचा मोठा पराभव केला. अथेनियनांनी बिओशियाच्या देवस्थानाची किल्लेबंदी करून ते बाटवले, असा बिओशियाच्या लोकांचा आक्षेप होता, आणि ती जागा सोडल्याशिवाय प्रेते परत देणार नाही यावर ते अडून बसले. त्याच सुमारास युरिपिडीसने रंगवलेल्या एका नाटकात थीब्ज मृतांचे दफन होऊ देत नाही आणि धर्मशील अथेन्स त्याला वठणीवर आणते. त्या प्रेक्षकांत डेलियमला भाऊ किंवा मुलगा गमावलेले लोक बसलेले असणार.

एवढ्याने ती नाटके लहान होत नाहीत. ईडिपस आणि अँटिगनी मराठी रंगभूमीवरही आले, आपल्या मोठ्या नटांनी ते उभे केले, आणि त्यांचे दुःख आपल्याला परके वाटले नाही. माझी विनंती इतकीच की पुढच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत निदान एक परिच्छेद असा असावा ज्यात हे नाटक कोणत्या नगरात, कोणत्या शत्रुत्वाच्या काळात, शेजारच्या नगराबद्दल लिहिले गेले, हे सांगितलेले असेल.

याच भूमीतला एक आवाज मात्र थेट आपल्यापर्यंत पोचला आहे, आणि तो शेतकऱ्याचा आहे. हेलिकॉनच्या पायथ्याशी आस्क्रा नावाचे खेडे होते. हेसिऑडचा बाप गरिबीला कंटाळून समुद्रापलीकडच्या किमी गावाहून तिथे आला. हे गाव हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात जाचक आणि चांगले कधीच नाही, असे हेसिऑड म्हणतो. पण याच हेलिकॉनवर मेंढ्या चारत असताना कलादेवतांनी आपल्याला कवी केले असेही तोच सांगतो. देवांच्या पिढ्यांची वंशावळ, प्रोमिथिअसची चोरी, पँडोरा, सोन्यापासून लोखंडापर्यंत उतरत जाणारी माणसांची पाच युगे हे सगळे ग्रीक जगाला पहिल्यांदा सविस्तर सांगितले ते या खेडवळ माणसाने. भाऊ पर्सीझने वाटणीत जास्त लाटले आणि लाच खाणाऱ्या सरदारांनी त्याला साथ दिली, म्हणून तो भावाला कष्टाचा उपदेश करतो. कृत्तिका पहाटे उगवू लागल्या की कापणीला लाग, त्या पहाटे मावळू लागल्या की नांगर धर, असे त्याचे पंचांग आहे. ज्या भाषेत अजूनही मृगाच्या पावसावर पेरणी आणि रोहिणी-आर्द्रा यांची गणिते बोलली जातात, त्या भाषेला हेसिऑड किती जवळचा आहे! होमरचे नाव मराठीत जितके घेतले जाते त्याच्या चौथाईनेही हेसिऑडचे घेतले जात नाही. तो सरळ ग्रीकमधून, शेतीचे शब्द जाणणाऱ्या कोणी मराठीत आणावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

होमरनेही बिओशियाला पहिला मान दिला आहे. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर गेलेल्या जहाजांची यादी येते, तिची सुरुवात बिओशियापासून होते. ५० जहाजे आणि प्रत्येकात १२० तरुण. सगळे आरमार जमले तेही बिओशियाच्याच औलिस बंदरात, जिथे वारा मिळावा म्हणून ॲगमेम्नॉनने आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी दिला असे नंतरचे कवी सांगतात.

जमिनीखालून जे निघाले ते तर वाङ्मयापेक्षाही बोलके आहे. थीब्जच्या मध्यभागी जो उंचवटा आहे तो कॅडमसच्या नावाने कॅडमिया म्हणून ओळखला जाई. आजचे गाव त्याच्यावरच वसले आहे, त्यामुळे तिथे उत्खनन म्हणजे घरांच्या पायाखाली खणणे. तरीही मायसीनी काळातला, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातला राजवाडा, लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्या आणि १९६० च्या दशकात लाजवर्दी दगडाच्या दंडगोल मुद्रांचा साठा मिळाला. त्यांतल्या काही मुद्रा बॅबिलॉनमध्ये कॅसाइट राजांच्या काळात कोरलेल्या आहेत. लाजवर्द त्या काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. तिथून बॅबिलॉन आणि तिथून थीब्ज, इसवी सनापूर्वी तेराशे वर्षांच्या आसपास! कॅडमसची कथा यावरून सिद्ध होत नाही. पण पूर्वेशी इतका जुना संबंध असलेल्या नगराने आपला संस्थापक पूर्वेकडून आणावा, हे मला नवल वाटत नाही.

आणि कोपाइस. बिओशियाच्या मध्यभागी पावसाळ्यात पसरणारे, उन्हाळ्यात आटणारे हे उथळ सरोवर होते. त्याला वाहून जायला नदी नव्हती. चुनखडीच्या डोंगरातल्या नैसर्गिक विवरांतून पाणी जमिनीखाली उतरत असे. मायसीनी काळातल्या लोकांनी प्रचंड बांध आणि कालवे घालून पाणी कडेने या विवरांकडे वळवले आणि सरोवराचा तळ शेतीखाली आणला. त्या काळातल्या युरोपात याच्या तोडीचे जलकाम सापडणे कठीण. त्यावर लक्ष ठेवणारा ग्ला नावाचा किल्ला, सुमारे तीन किलोमीटरच्या तटाचा, आजही मैदानात उभा आहे. या सुपीक तळाच्या जिवावर ऑर्कोमेनॉस इतके श्रीमंत झाले की होमरमध्ये अकिलीस मोठ्या धनाचे उदाहरण देताना त्याचे नाव घेतो. तिथली घुमटी कबर मायसीनीच्या प्रसिद्ध कबरीच्या तोडीची आहे; तिचे उत्खनन श्लीमन या जर्मन उत्खननकाराने केले.

मग ती व्यवस्था कोलमडली, पाणी परत आले. लोककथेने याचा हिशेब कसा ठेवला पाहा: थीब्ज आणि ऑर्कोमेनॉस यांच्या वैरात हेराक्लिसने विवरांची तोंडे बुजवून ऑर्कोमेनॉसची शेते बुडवली. अलेक्झांडरच्या काळी क्रेटीस नावाच्या अभियंत्याने ती तोंडे मोकळी करायचा प्रयत्न केला, तो अपुराच राहिला. पुढे एकोणिसाव्या शतकात आधी फ्रेंच आणि मग इंग्रज कंपनीने हे काम हाती घेतले आणि १९३१ मध्ये ते पुरे झाले. आता तिथे शेते आहेत. धरणे, कालवे आणि पाण्याच्या वाटपावरून होणारी भांडणे ज्या राज्यात रोजची आहेत, तिथल्या विद्यार्थ्याला ग्रीसचा हा धडा संगमरवरी खांबांपेक्षा लवकर कळेल.

आता बदनामीविषयी. अथेन्सची माणसे बिओशियाच्या लोकांना जड डोक्याचे, खादाड, डुकरासारखे म्हणत. ही निंदा इतकी रुळली होती की थीब्जचा महाकवी पिंडार आपल्या एका गीतात ते जुने दूषण आता झटकून टाकू या, असे म्हणतो. पिंडार जिथे जन्मला आणि टॅनाग्राच्या कोरिनाने आपल्या घरच्या बोलीत हेलिकॉन आणि किथेरॉन या दोन पर्वतांची गायनस्पर्धा रचली, त्या मुलखाला ठोंब्यांचा देश म्हणण्याचे धाडस शेजाऱ्यालाच होऊ शकते. युरोपातल्या भाषांत 'बिओशियन' हा शब्द मंदबुद्धी या अर्थाने शतकानुशतके चालला, आणि आपल्या पुस्तकांतही थीब्जची माणसे 'धट्टीकट्टी, शेतकरी वळणाची' एवढ्याच विशेषणांवर उरकली जातात.

थीब्जवरचा मोठा आरोप मात्र खरा आहे आणि मी तो लपवू इच्छित नाही. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस चालून आला तेव्हा थीब्ज त्याच्या बाजूला गेले आणि पुढच्या वर्षी प्लाटिआच्या रणात ग्रीकांविरुद्ध लढले. आमच्यावर तेव्हा मूठभर सरदारांची सत्ता होती, लोकांना कोणी विचारले नाही, असा बचाव त्यांनी नंतर केला. पण थीब्ज म्हणजे सगळे बिओशिया नव्हे. मॅरेथॉनला, इ.स.पू. ४९० मध्ये, अथेन्सच्या मदतीला धावून आलेले एकमेव नगर होते प्लाटिआ, तेही बिओशियातले. आणि थर्मोपिलीला स्पार्टाचे ३०० वीर शेवटपर्यंत थांबले हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण त्यांच्याबरोबर बिओशियातल्या थेस्पिए या लहानशा नगराचे ७०० लोकही स्वेच्छेने थांबले आणि सगळे मारले गेले, हे किती पुस्तकांत आहे? त्यांचा नायक डेमोफिलस. स्पार्टा हे जन्मभर लढाईच करणाऱ्यांचे राज्य होते, थेस्पिएचे लोक घरदार-शेत सोडून आलेले नागरिक होते. झर्क्सीसने पुढे त्यांचे नगर जाळले. स्पार्टाचा राजा लिओनिडास याचा पुतळा थर्मोपिलीत १९५५ मध्ये उभा राहिला, थेस्पिएच्या वीरांचे स्मारक व्हायला १९९७ उजाडले. मराठीत ते ७०० एका वाक्यापुरते तरी यायला हवेत, आणि ही दुरुस्ती तर पुढच्या छपाईतही होऊ शकते.

त्याच थेस्पिएची तटबंदी थीब्जने इ.स.पू. ४२३ मध्ये पाडून टाकली, हे अथेन्सकडे झुकलेले नगर आहे असा ठपका ठेवून. चार वर्षे आधी स्पार्टाने थीब्जच्या आग्रहावरून प्लाटिआच्या शरण आलेल्या दोनशेहून अधिक माणसांना ठार केले होते. पुढे ऑर्कोमेनॉसचेही थीब्जने तसेच केले. हेही लिहा. बिओशियाची बाजू ऐका म्हणते तेव्हा थीब्जची आरती ओवाळा असे मला सुचवायचे नाही. त्या प्रदेशात अनेक नगरे होती, त्यांचे हेवेदावे, त्यांचे धाडस आणि त्यांची क्रूरता त्यांच्या स्वतःच्या नावावर लिहिली जावी.

हेरोडोटसने बिओशियावर अन्याय केला असे प्राचीन काळातच एका माणसाला वाटले होते. कैरोनियाचा प्लूटार्क. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेखक रोमला जाऊन आला, डेल्फीचा पुजारी झाला, पण राहिला आपल्या गावातच. गाव लहान आहे, मी गेलो तर आणखी लहान होईल, असे त्याने लिहिले आहे. त्याने हेरोडोटसच्या आकसावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि बिओशियाच्या वतीने मुद्दे मांडले. थर्मोपिलीला थीब्जचे ४०० लोकही होते. लिओनिडासने त्यांना ओलीस म्हणून अडकवून ठेवले होते, असे हेरोडोटस म्हणतो. प्लूटार्क विचारतो की जीव धोक्यात असताना ओलिसांची राखण करत बसायला लिओनिडास मूर्ख होता का? प्लूटार्कचे सगळेच म्हणणे पटण्यासारखे नाही, गावाच्या अभिमानाने तो कधी कधी वाहवतो. तरी दोन्ही साक्षी वाचकापुढे ठेवल्या तर इतिहास म्हणजे पुरावे तोलणे हे विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.

राज्यकारभाराबद्दलही बिओशियाकडे सांगण्यासारखे काही होते. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस गावच्या प्राचीन कचऱ्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी एका अज्ञात इतिहासकाराच्या ग्रंथाची पपायरसवरची पाने सापडली. त्यांतून बिओशियाच्या संघराज्याची रचना पहिल्यांदा नीट कळली. सगळा प्रदेश ११ विभागांत वाटलेला. प्रत्येक विभागाने एक सेनापती-कारभारी आणि ६० सभासद द्यायचे, म्हणजे मध्यवर्ती सभा ६६० जणांची. तोच विभाग १००० पायदळ आणि १०० घोडेस्वार पुरवी. जितका वाटा कारभारात, तितकाच भार सैन्यात आणि खजिन्यात. लहान नगरे मिळून एक विभाग होत आणि पाळीपाळीने प्रतिनिधी पाठवीत. थीब्जच्या हाती ११ पैकी चार विभाग होते, त्यामुळे समता अर्थातच लंगडी होती, आणि मालमत्ता नसलेल्याला मत नव्हते. पण नागरिकांनी स्वतः येऊन मत द्यायची अथेन्सची पद्धत आणि प्रतिनिधी पाठवायची ही पद्धत शेजारी शेजारी ठेवून पाहा. स्वतः संघराज्यात राहणाऱ्या आपल्या वाचकाला दुसरी जास्त ओळखीची वाटेल. लोकशाहीच्या उगमावर मराठीत पानेच्या पाने लिहिली जातात, त्यांत या ११ विभागांना अर्धे पान मिळू नये याचे मला वाईट वाटते.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्याच्याकडे येते.

आपल्या पुस्तकांत इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरते, स्पार्टा जिंकते, आणि पान उलटले की मॅसिडोनियाचा फिलिप येतो. मधली ६० वर्षे कुठे गेली? त्या काळात स्पार्टाने शांततेच्या करारात असताना थीब्जचा कॅडमिया किल्ला दगाबाजीने बळकावला, इ.स.पू. ३८२ मध्ये. तीन वर्षांनी हिवाळ्यात थीब्जचा पेलोपिडास आणि मूठभर निर्वासित शेतकऱ्यांच्या वेशात नगरात शिरले, काहींनी स्त्रीवेश घेऊन स्पार्टाधार्जिण्या सत्ताधीशांना मेजवानीतच गाठले, आणि थीब्ज मोकळे झाले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या मैदानात एपामिनोंडासने आपली डावी बाजू ५० ओळींची खोल रचली आणि तिने समोरची स्पार्टाची निवडक बाजू फोडली. राजा क्लिओम्ब्रोटस पडला. रणात असलेल्या स्पार्टाच्या ७०० खऱ्या नागरिकांपैकी ४०० मेले. जमिनीवर हरत नाही अशी ख्याती असलेली ती फौज त्यानंतर पुन्हा कधी तशी उभी राहिली नाही.

युद्धशास्त्राच्या पुस्तकांत एवढे तरी सापडते. पण माझ्या लेखी एपामिनोंडास मोठा आहे तो पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यामुळे. तो स्पार्टाच्या मुलखात शिरला, जिथे कित्येक पिढ्यांत शत्रूची धूळ उडालेली स्पार्टाच्या बायकांनी पाहिली नव्हती, आणि तिथून मेसिनियाकडे वळला. मेसिनियाचे लोक तीनएक शतके स्पार्टाचे हेलॉट होते. म्हणजे आपल्याच जमिनीवर दास, पिकाचा वाटा मालकाला, आणि दरवर्षी स्पार्टा त्यांच्याविरुद्ध औपचारिक युद्ध पुकारी म्हणजे त्यांना मारण्याचे पाप लागू नये. एपामिनोंडासने त्यांना मुक्त केले. सिसिली, इटली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पांगलेल्या मेसिनियनांना बोलावणी गेली, आणि इथोमे डोंगराच्या पायथ्याशी इ.स.पू. ३६९ मध्ये मेसिनी नगर उभे राहिले. त्याचे तट आजही उभे आहेत. लॅकोनियातले हेलॉट दासच राहिले, थीब्जचे स्वतःचे गुलामही सुटले नाहीत. तरी एका जिंकलेल्या सेनापतीने लूट घेऊन परतण्याऐवजी दास केलेल्या जमातीला तिचे राज्य परत उभारून दिले, अशी किती उदाहरणे प्राचीन जगात आहेत?

परत आल्यावर त्याच्यावर खटला झाला, कारण मुदत संपूनही त्याने सेनापतिपद सोडले नव्हते. देहदंड खुशाल द्या, पण ल्यूक्ट्राला स्पार्टाला हरवायला भाग पाडले म्हणून थीब्जने मला मारले असे लिहून ठेवा, असे त्याचे उत्तर परंपरेने जपले आहे. इ.स.पू. ३६२ मध्ये मॅन्टिनियाला जिंकता जिंकता तो पडला. रोमन वक्ता सिसेरोने त्याला ग्रीसचा पहिला पुरुष म्हटले.

मग तो आपल्याला माहीत का नाही? त्या काळाचा सलग इतिहास लिहिणारा झेनोफन स्पार्टाचा मित्र होता. ल्यूक्ट्राच्या वर्णनात त्याने एपामिनोंडासचे नावसुद्धा घेतलेले नाही, आणि मेसिनी वसल्याचे सांगितलेलेच नाही. प्लूटार्कने लिहिलेले एपामिनोंडासचे चरित्र हरवले. एकाने गाळले, दुसऱ्याचे काळाने गिळले, आणि आपण उरलेल्या कागदालाच इतिहास समजलो.

पेलोपिडासचे चरित्र मात्र उरले आहे आणि त्यात थीब्जच्या पवित्र दलाची हकिकत आहे. ३०० जणांचे हे दल गॉर्गिडासने उभारले. एकमेकांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या जोड्यांचे ते होते, असे काहींचे म्हणणे प्लूटार्क स्पष्ट शब्दांत नोंदवतो. मराठीत येताना ते 'जिवलग मित्रांचे दल' होते. कृपा करून असे करू नका. इ.स.पू. ३३८ मध्ये कैरोनियाला फिलिपपुढे ते जागच्या जागी पडले, आणि त्यांची प्रेते पाहून फिलिप रडला. तिथल्या दगडी सिंहाखालच्या आवारात ओळींनी पुरलेले २५४ सांगाडे निघाले. ज्यांच्याबद्दल त्यांचा शत्रू लाजला नाही त्यांच्याबद्दल आपण का लाजावे?

तीन वर्षांनी अलेक्झांडरने थीब्ज जमीनदोस्त केले. ६००० मेले, ३०,००० विकले गेले, असे प्राचीन लेखक सांगतात. देवळे आणि पिंडारचे घर तेवढे सोडले. नगर पाडण्याचा कौल देणाऱ्यांत प्लाटिआ आणि ऑर्कोमेनॉसचे लोक होते. जुनी वैरे फिरून आली होती. आणि हाच अलेक्झांडर इ.स.पू. ३२६ मध्ये सिंधूपाशी पोचला तेव्हा त्याची फौज इथे दोन थीब्जपुत्रांच्या खुणा शोधत होती. निसा नावाच्या गावी त्यांना डायोनायसस आधी येऊन गेल्याची खात्री वाटली. एओर्नोसचा डोंगरी किल्ला हेराक्लिसलाही मिळाला नव्हता असे ऐकून अलेक्झांडर तो घ्यायला इरेला पेटला, कारण आपले कूळ तो हेराक्लिसपासून सांगत असे. पुढे मेगॅस्थिनिसने शूरसेन लोक मेथोरा नगरात हेराक्लिसला पूजतात असे लिहिले. ते मथुरा असावे आणि तो देव कृष्ण असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अलेक्झांडर आणि पोरस यांच्यावर मराठीत इतके लिहिले गेले आहे, तर ज्या नगराचे देव घेऊन तो इथवर आला ते नगर त्याने स्वतः नऊ वर्षांपूर्वी पुसले होते, हे वाक्य त्यात सहज बसेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ग्रीसच्या धड्याला जोडलेल्या नकाशावर बहुधा अथेन्स, स्पार्टा, ऑलिम्पिया, डेल्फी आणि ट्रॉय एवढीच टिंबे असतात. थीब्ज, ऑर्कोमेनॉस, थेस्पिए, प्लाटिआ, टॅनाग्रा, औलिस, ल्यूक्ट्रा आणि कैरोनिया ही आठ नावे त्यावर घाला, आणि कोपाइस सरोवराची जुनी किनार तुटक रेषेने दाखवा. जागा अपुरी पडली तर बिओशियाचा वेगळा छोटा नकाशा कोपऱ्यात देता येईल. आणि ४०४ पासून ३३८ पर्यंतच्या वर्षांसाठी पुढच्या आवृत्तीत दोन पाने राखून ठेवा. ती कोणी लिहायची हे आपण ठरवावे. मजकूर तपासायला, संदर्भ जुळवायला माझ्यासारखे वाचक विनामोबदला बसायला तयार आहेत.

आपली,
इतिहासाची एक वाचक